पांढऱ्या भुवया

माझं अक्षर चांगलं नाही, त्याची आधीच माफी मागते. चौथीपर्यंत शिकले, आणि शाळा सुटली त्यालाही आता फार वर्षं झाली. वेलांटी पहिली की दुसरी, हे मला तेव्हाही कळत नव्हतं. लिहिताना अगदीच अडले तिथं पायलला विचारलं. शब्द तेवढा विचारला, वाक्य सांगितलं नाही. ती म्हणाली, "मोठी आई, काय लिहून राह्यली वो?" मी म्हटलं, "किराण्याची यादी." किराण्यात 'भुवया' कशाला लागतात, हे तिच्या लक्षात आलं नाही. ती मोबाइल पाहत होती.

पायल माझ्या धाकट्या दिराची मुलगी. मागच्या महिन्यात तिच्या मैत्रिणीचं लग्न होतं. घरी कोणी सोबत जायला नव्हतं म्हणून मी गेले. लग्न केळापूर रस्त्यावरच्या लॉनमध्ये होतं. लॉन म्हणतात, पण गवत थोडं आणि फरशी जास्त. दारात कमान, आत कारंजं, भिंतींना पांढरी-गुलाबी कापडी झालर. मी कमानीतून आत गेले आणि माझे पाय आपोआप हळू झाले. पूर्वी तिथं जिनिंग होती, सरकी आणि रुई वेगळी करायचा कारखाना. नवरा-नवरीच्या खुर्च्या मांडल्या होत्या तिथं कापसाची गंजी असायची, दुमजली घराएवढी. जेवणाची टेबलं होती तिथं यंत्रांचा लांब हॉल होता. त्या यंत्रांना आम्ही रेचे म्हणायचो. कारंजं आहे तिथं हौद होता. कारंजं त्या दिवशी बंद होतं. तळाला थोडं पाणी होतं आणि त्यात कागदी पेले पडले होते.

पायल आणि तिच्या मैत्रिणी टेबलाशी बसून आलेली मुलं पाहत होत्या. मी बाजूलाच होते, पण म्हाताऱ्या बाईसमोर पोरी लाजत नाहीत.

"मले उंच पाह्यजे. मी हील घातली तरी माह्याहून उंच."

"दाढी पाह्यजे, पण साफसूफ."

"मनगट पाह्य आधी. घड्याळ शोभलं पाह्यजे त्याच्यावर."

"अन् नोकरी?"

"नोकरी बाबा पाह्यतेत. मी दिसण्याचं सांगून राह्यली न."

सगळ्या हसल्या. मग पायल माझ्याकडे वळली. "मोठी आई, तू मोठ्या बाबात काय पाह्यलं व्हतं?"

मी म्हटलं, "आमच्या वेळी पोरी कुठं पाह्यत होत्या. मोठे लोक पाह्यत." आणि ताटं उचलायला उठले. ताटं उचलायला तिथं माणसं होती, तरी उठले. एक पेला हातात घेऊन उभी राहिले, आणि मला सरकीचा वास आला. जेवणाच्या, अत्तराच्या, फुलांच्या सगळ्या वासांच्या खालून आला. थोडा तेलकट, थोडा कच्च्या शेंगदाण्यासारखा. खरा आला की मला वाटलं, ते माहीत नाही.

आमचं गाव झरी जामणीकडे, जंगलाच्या कडेला. वडील लवकर गेले. मामा आम्हाला पाहायचे. माझं वय वीसच्या वर गेलं, तरी लग्न ठरत नव्हतं. मी काळी होते, उंच होते, आणि कोणी काही विचारलं तर मान खाली घालायची. पाहायला आलेले लोक चहा पिऊन जात आणि मग कळवत नसत. त्या वर्षी कापसाच्या हंगामात मावशीनं मला पांढरकवड्याला बोलावून घेतलं. ती जिनिंगमध्ये कामाला होती. आवारात कापसाच्या ढिगातून कवडी वेचायची, म्हणजे पिवळा पडलेला, किडका कापूस बाजूला करायचा, आणि चांगला टोपल्यात भरून रेच्यांच्या हॉलपाशी नेऊन टाकायचा. डोक्यावरचं टोपलं एवढं हलकं असायचं की वारा आला तर ते आपल्याला ओढायचं.

दुपारी बाया गंजीच्या सावलीत डबे सोडत. भाकरी, ठेचा, कधी तुरीच्या ओल्या शेंगा. तिथं रोज एकच विषय निघायचा, पुरुष कसा दिसायला पाहिजे.

मावशीचं म्हणणं रंगावर होतं. "गोरा पाह्यजे बाप्पा. नवरा काळा, बायको काळी, मंग पोट्टं अंधारात सापडन का?" असं म्हणताना ती माझ्याकडे पाहत नसे, पण बाकीच्या पाहत.

रेखा नावाची एक मुलगी होती, माझ्याच वयाची. तिला कपाळावर येणारे केस आवडत, आणि दात. "हसला की दात दिसले पाह्यजे. तंबाखूनं सडलेले नाही."

झमकीबाई जवळच्या तांड्यावरून यायची. हातात कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या. ती नवऱ्याला 'माटी' म्हणायची. तिचा आवाज रेच्यांच्या वर ऐकू येई. ती म्हणे, "तोंड कायले पाह्यता? तोंड तर समदे धुऊन येतेत. माटीची पाठ पाह्य. तो आपल्याकडे पाह्यत नसला तवा कसा दिसते, ते पाह्य. मह्या माटीची पाठ पाहून मी हो म्हटलं व्हतं."

"अन् तोंड?"

"तोंड लग्नाच्या दिवशी पाह्यलं. तवा उशीर झाल्ता."

बाया भाकरी हातात धरून हसत. मग कोणीतरी मला विचारी, "अन् तुले वो? तुले कसा पाह्यजे?" मी कापसात मान घाली. रेखा म्हणे, "हिले मुका पाह्यजे. म्हणजे दोघं मिळून गप्प बसतीन."

मी कोणाला सांगितलं नाही, पण मी तोपर्यंत पाहिलं होतं.

संध्याकाळी भोंगा झाला की रेचे एकेक करून थांबत. आवाज थांबला तरी कानात बराच वेळ घरघर राही. मग हॉलच्या दारातून माणसं बाहेर येत आणि ती सगळी म्हातारी असत. रुईचा भुगा दिवसभर हवेत उडे, घामाला चिकटे. केस पांढरे, मिशा पांढऱ्या, भुवया, पापण्या, हातावरची लव, कानावरची लव, सगळं पांढरं. वीस वर्षांचा मुलगाही सत्तरीचा दिसे. खोकत, वाकून कपडे झटकत ती म्हाताऱ्यांची रांग हौदाकडे जाई, आणि तोंडावर पाणी मारून एकेक जण तरुण होई. मला ते रोज पाहायला आवडायचं. गावाकडे मी असं काही पाहिलं नव्हतं.

त्यातला एक लवकर हौदावर जात नसे. सरकीच्या ढिगाच्या काठावर बसून तो आधी विडी ओढी. त्याचा खालचा ओठ थोडा पुढं यायचा आणि तो वर फुंकर मारायचा, पापण्यांवरचा कापूस उडवायला. एक-दोन धागे उडत आणि पुन्हा भुवईवरच बसत. तो पुन्हा फुंके. त्याला घाई नव्हती. हातावर घाम ओघळला होता तिथं काळ्या रेघा पडलेल्या असत, पांढऱ्या लवेतून. मान थोडी एका बाजूला. त्या पांढऱ्या भुवयांखाली डोळे फार काळे दिसत.

मी टोपलं ठेवायच्या निमित्तानं तिथून जाई. मला वाटे, हा म्हातारा झाला की असाच बसेल. दारासमोर, संध्याकाळी, असाच ओठ पुढं काढून. त्याच्या बाजूला कोण बसेल, हेही मनात येई. मग मी टोपलं ठेवून परत येई. तोंड धुतल्यावर तो इतर मुलांसारखाच दिसायचा. रंग सावळा, नाक थोडं बसकं, केस राठ. रेखानं दोनदा पाहिलं नसतं.

त्याचं नाव इथं लिहायला हात धजत नाही. आमच्यात बाया घेत नाहीत. दुसऱ्यांनी घेतलं तेवढं लिहीन. तेव्हा तो माझा कोणी नव्हता, म्हणून 'तो' लिहिते आहे.

त्याच्या आईनंच मावशीकडे गोष्ट काढली. तिला घरात कामाची, कमी बोलणारी सून पाहिजे होती. एका रविवारी मावशीच्या खोलीत पाहण्याचा कार्यक्रम झाला. मावशीनं माझ्या तोंडाला एवढी पावडर लावली की मान आणि तोंड दोन बायांची वाटत होती. त्याच्या आईनं वेणी सोडायला लावली, केस हातात धरून ओढून पाहिले. दात पाहिले. मग परातीत पाणी ओतून त्यात पाय बुडवायला सांगितले आणि कोरड्या फरशीवर चालवलं. तळवा मधे उचललेला असेल तर ठसा मधे तुटतो. सपाट पायाची सून घरात आली तर घर बसते, असं त्यांच्याकडे मानत. माझा ठसा मधे तुटला. त्याची आई म्हणाली, "पाय चांगले हायेत." तेवढंच म्हणाली. तो कोपऱ्यात बसला होता, धुतलेला, कोरडा, तेल लावलेला. त्यानं एकदा वर पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. फरशीवरचे माझे ठसे वाळत होते, ते पाहत होते.

त्यांच्याकडून होकार आला. आता मामा मुलगा पाहून होकार देणार होते. मामा जंगलखात्याच्या कामावर जायचे. उभ्या झाडाला हात न लावता त्याचं वय सांगायचे, आणि ते बरोबर निघे. त्याचा त्यांना अभिमान होता. त्यांनी आयुष्यात जिनिंग पाहिली नव्हती.

मावशीनं त्यांना रविवारी यायला सांगितलं होतं. ते शुक्रवारी आले. न सांगता पाहिलं म्हणजे खरं कळते, असं त्यांचं म्हणणं. एसटीतून उतरून तडक फाटकावर गेले. भोंगा नुकताच झाला होता. त्यांनी चौकीदाराला विचारलं, "वसंता कोणता हो?" चौकीदारानं बोट दाखवलं. "तो काय, रेच्यावरून येऊन राह्यला."

मामा आत गेलेच नाहीत. तिथूनच फिरले आणि मावशीच्या दारात उभे राहिले. मी चूल पेटवत होते.

"मैना, पोरीचा बाप मेला म्हणून काय तिले बुढ्याच्या गळ्यात बांधून राह्यली?"

मावशीला कळेना. "कोणता बुढा?"

"वसंता. पाहून आलो मी मह्या डोळ्यानं. मिशा पांढऱ्या, भुवया पांढऱ्या, वाकून खोकून राह्यलता. मेली असन त्याची पहिली बायको. तुले कितीक पैसे देल्ले त्यानं?"

मावशीनं एकदम तोंडाला पदर लावला आणि ती हसत सुटली. खाली बसून हसली. "दादा, तो कापूस व्हता. कापूस चिकटते अंगाले. पोरगा पंचविशीचा नाही अजून."

ती हसली नसती तर बरं झालं असतं. मामांचा चेहरा घट्ट झाला. "मी झाडाचं वय सांगतो नुसतं पाहून. माणसाचं नाही कळत का मले? मी आंधळा हाय का?"

"तुम्ही आंधळे नाही दादा, पण..."

"मंग झालं."

त्यांनी पाणीही घेतलं नाही. मला म्हणाले, "कपडे बांध." मी बांधले. मावशी दारात रडायला लागली, मघाच्या हसण्यानं डोळे अजून ओले होते. मी चूल विझवली आणि मामांच्या मागं चालू लागले. एसटीत मला खिडकी मिळाली.  एक वाक्य बोलले असते तरी पुरलं असतं. मी रोज त्याला धुतलेला पाहिला आहे, एवढंच. पण रोज पाहिला आहे हे कोणत्या तोंडानं सांगणार. चांगल्या घरची पोर पुरुष पाहत नाही. खिडकीतून सागाची झाडं मागं जात होती.

गावात तीन-चार आठवडे गेले. मामींना आतून कळलं होतं की मामांची चूक झाली. मामांनाही कळलं असावं. पण ते मागं येईनात. मावशीचे निरोपावर निरोप आले. शेवटी मामांनी एवढं कबूल केलं की मुलानं आपल्या गावाला यावं, भर दुपारी, उन्हात, चार लोकांसमोर तोंड दाखवावं.

तो आला. एसटीतून उतरून पायी आला, सोबत मावशी आणि त्याचा धाकटा भाऊ. अंगात आकाशी रंगाचा नवा शर्ट, कॉलर कडक, बटणं चमकणारी. नवी पँट. केस कापलेले, मिशी बारीक. पांढरकवड्यात ही गोष्ट पसरली होती आणि जिनिंगमधले सगळे त्याला 'बुढा' म्हणायला लागले होते. त्यामुळे तो फार तयारी करून आला होता. आमच्या गावातही कळलं होतं. कडुनिंबाखाली खाट टाकली, तर अर्धं गाव भोवती उभं. एका म्हाताऱ्यानं अंगठा थुंकीत बुडवून त्याची मिशी घासून पाहिली, रंग लावला आहे का ते. दुसऱ्यानं केस ओढले. तो मुकाट बसला. कान लाल झाले होते. धाकटा भाऊ रागानं उठत होता, त्यानं त्याला हात धरून बसवलं.

मिशी घासणारा म्हातारा मामांना म्हणाला, "पक्की हाय. माह्यापेक्षा तरी जवान हाय."

लोक हसले. मामा हसले नाहीत. ते खाटेभोवती हळूहळू फिरले, झाडाभोवती फिरत तसे. मग म्हणाले, "हा तो नाहीच. तो बुढा दुसरा व्हता. या लोकायनं पोरगा बदलून आणला."

आता सगळं थांबलं. मावशी देवाची शपथ घ्यायला लागली. त्याचा भाऊ ओरडला. तो स्वतः खाली मान घालून नव्या शर्टाचं खालचं बटण फिरवत होता. मी दाराच्या आड होते. मामांनी आवाज दिला, "पोरी, बाहेर ये."

मी आले.

"तू तिथं दोन महिने व्हती. सांग. हाच का तो?"

मी नाही म्हटलं असतं, तर सोयरीक मोडली असती. माहीत नाही म्हटलं असतं तरी मोडली असती. हो म्हटलं, तर पाहत होते हे आलं. पदराचं टोक माझ्या हातात होतं. ऊन फार होतं. कोंबडी खाटेखाली शिरली. हे सगळं मला अजून दिसतं, पण मला तेव्हा काय वाटलं ते आठवत नाही. छातीत काही वाटलंच नसावं.

मी म्हटलं, "मी रोज पाह्यत होती यायले. पांढरे असतानी पण, अन् तोंड धुतल्यावर पण."

बायांनी पदर तोंडाशी नेले. कोणीतरी 'माय वो' म्हणालं.  मामांनी खाटेवर, त्याच्या बाजूला बसून विडी काढली आणि एक त्यालाही दिली.

"मंग ठीक हाय," म्हणाले.

पुढं लग्न झालं. आता 'ते' लिहिते.

पहिल्या दिवसांत एकदा मी विचारलं होतं की पाहायला आले तेव्हा तुम्ही माझ्यात काय पाहिलं. दिवा नव्हता, म्हणून विचारता आलं. ते म्हणाले, "तुह्या कानामागं कापूस राह्यला व्हता. एवढी पावडर लावली, अन् तेवढा राहून गेला. मले हसू येऊन राह्यलतं, म्हणून खाली पाह्यलं." मग मला म्हणाले, "तू सांग आता." मला सांगता आलं नाही. 'बुढा' शब्दावर अजून लोक त्यांना चिडवत. मी काही बोलले असते तर त्यांना तेच वाटलं असतं. मी म्हटलं, "शर्ट चांगला व्हता." ते हसले. "चाचाचा हाय तो शर्ट. पैसे कुठं देल्ले अजून."

बाजारपेठेत रहीमचाचा शिंपी होते. कापड आणि शिलाई दोन्ही त्यांनी उधार दिलं होतं. थोडे पैसे यांनी पहिल्याच हंगामात दिले, बाकी राहिले. पुढं घरात ती एक गंमतच झाली. कुठं लग्नाला, कार्याला जायचं असलं की हे म्हणत, "चाचाचा शर्ट काढ." मी पेटीतून काढी. डांबराच्या गोळ्यांचा वास, आकाशी रंग, कॉलर. त्यात ते चांगले दिसत. लोक म्हणत, बुढा जवान झाला.

पण पांढरे मला ते पुन्हा दिसले नाहीत. ते हौदावर सगळ्यांत आधी जायला लागले होते. पंचा ओला करून कान, मान, भुवया पुसून घरी येत. कधी घाईत आले तर अंगणातल्या रांजणापाशीच थांबून आधी तोंड धूत आणि मग उंबरा ओलांडत. मी आत पाणी घेऊन उभी असे. धुतलेलेच आत येत.

नंतर कापसाची ती वर्षं आली, शेतकऱ्यांनी जीव दिले ती. त्यांच्याबद्दल सगळ्यांना माहीत आहे. आमच्याकडे दिवाळीनंतर रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग लागायची, बैलांच्या गळ्यातल्या घंटा झोपेतही ऐकू यायच्या. ती रांग लहान होत गेली. त्याऐवजी दुसऱ्या गाड्या यायला लागल्या, पांढऱ्या, काचा लावलेल्या. त्यातून उतरून लोक गावात जायचे, माणसं पाहायचे, फोटो काढायचे. जिनिंग चार महिने चालायची ती दोन महिने चालू लागली. मग एका वर्षी भोंगा वाजलाच नाही. संध्याकाळी त्या वेळेला बाया दारात येऊन उभ्या राहत आणि परत आत जात.

हे दुसरीकडच्या जिनिंगवर जाऊ लागले, आदिलाबादकडे. हंगामभर तिथंच राहत. येताना सरकीचा वास घेऊन येत. उशीला तो वास लागे, आणि ते परत गेल्यावर काही दिवस टिके. त्यांची मान मागून बारीक होत गेली. झमकीबाई म्हणायची तसं मी त्यांची पाठ पाहायची, ते एसटीकडे जात असताना. चांगली होती पाठ. सरळ. खोकताना तेवढी वाकायची.

एका हंगामात त्यांना गाडीतून आणलं. काय झालं, कसं झालं, ते मी लिहीत नाही. लोक सांगत होते, मी ऐकत होते. अंगणात ठेवलं, तेव्हा त्यांचं डोकं माझ्याकडे होतं. सगळे केस काळे. भुवया काळ्या. तिकडच्या लोकांनी स्वच्छ धुऊन आणलं होतं. मी वाकून पाहिलं, कानामागं, भुवईच्या मुळाशी. कुठं एक धागा नव्हता. रडू आलं नाही. बाया म्हणाल्या, हिला रडवा, नाहीतर बसेल छातीत. कोणीतरी माझ्या पाठीवर मारलं. दिरानं विचारलं, "वयनी, कपडे?" मी पेटी उघडली आणि आकाशी शर्ट काढून दिला. कॉलर विरली होती, तिला मी एकदा उलटवून शिवलं होतं. तो शर्ट त्यांच्यासोबत गेला.

त्यानंतर बरीच वर्षं मी दिराकडेच आहे. वाईट काही नाही. पायलला मी अंगाखांद्यावर वाढवलं. सकाळी पाणी भरते, दुपारी दळण. हंगामात कुठं बाई पाहिजे असली तर वेचायला जाते. कशाचंच फार वाटत नाही. एक तेवढं मधूनच टोचायचं, काम करताना, काही कारण नसताना. ते गेले ते चाचाच्या शर्टात गेले. सगळ्या जन्मात त्यांनी स्वतः छान दिसावं म्हणून एकदाच काही केलं, आणि ते दुसऱ्याचं राहिलं. रक्कम लहान होती. पण घरात मोठ्या गरजा आधी उभ्या असत, आणि मेलेल्या माणसाच्या शर्टाचे पैसे दिराकडे मागायला मला तोंड नव्हतं.

दोन वर्षांखाली चाचांच्या डोळ्यांनी साथ सोडली. तुरपाई, काज-बटणं त्यांना दिसेनात. हे काम घरी नेऊन करणारी बाई ते शोधत होते, मी गेले. पहिल्याच दिवशी सांगितलं, माझ्या मजुरीतून थोडे थोडे कापत जा.

"काहून?"

"यायच्या शर्टाचे. बाकी व्हते."

चाचा हातातली पट्टी खाली ठेवून म्हणाले, "बेटी, मी कधी मागतले का? तो गेला, कपडा गेला. माफ हाय."

"तुम्ही माफ केलं. मले माफ नाही करायचं."

ते कुरकुरले. कापले तर त्या वेळच्या भावानंच कापीन म्हणाले. मी म्हटलं, आजच्या भावानं कापा. त्यावर आमचं पंधरा दिवस भांडण चाललं. शेवटी त्यांची बायको आतून म्हणाली, "दोनों के बीच का भाव लगाओ और मेरा सर मत खाओ." तसं ठरलं. कामही रोजचं नव्हतं. लग्नसराईत असे, पावसाळ्यात नसे. कधी पायलच्या फीसाठी उचल घ्यावी लागली, तेव्हा कापणं थांबे. चाचा आठवणीनं थांबवत आणि मी आठवणीनं पुन्हा सुरू करी.

लॉनमधल्या लग्नानंतर काही दिवसांनी मी तुरपाईचे कपडे घेऊन दुकानात गेले. दुपार होती. चाचांनी मजुरी काढली, त्यातल्या थोड्या नोटा बाजूला केल्या आणि चष्मा कपाळावर चढवला.

"वसंता मापाले आला व्हता तवाची गोष्ट सांगू का तुले? म्हणे, चाचा, असा शिवा का मी जवान दिसलो पाह्यजे. मी म्हटलं, कपडा उमर कम नाही करत बाबू. तो म्हणे, कमी नका करू. जेवढी हाय तेवढीच दाखवा." चाचा थोडे हसले, मग खोकले. "मंग? दिसला का तो तसा?"

मी आजपर्यंत कोणाजवळ यांच्या दिसण्याबद्दल बोलले नव्हते, त्या एका दुपारनंतर. हातात सुई होती. मी म्हटलं, "दिसले. अन् त्याच्या आधी पण चांगलेच दिसत होते, चाचा. रेच्यावरून उतरत तवा. भुवया पांढऱ्या असतानी. मले तर तसेच आवडले व्हते."

चाचांनी वर पाहिलं नाही. बरं झालं. त्यांनी बाजूला केलेल्या नोटा न मोजता गल्ल्यात टाकल्या आणि गल्ल्याचा कप्पा लोटला.

"हो गया, बेटी," म्हणाले. "पूरा. आता वसंता अपने खुद के कपडे में हाय."

मी मान हलवली. बाहेर ऊन होतं, रस्त्यावरून ऑटो जात होते. मी चाचांना पुढच्या तुरपाईचे कपडे मागितले.